परातीच्या दोन चिठ्ठ्या

“अहो, ही नावं तुम्ही स्वतः घालता का?”

मशीन चालू होतं, त्यामुळं मी मान वर केली नाही. समोर आहेराची एक्कावन्न ताटं होती आणि ‘सप्रेम भेट’पर्यंत माझी गाडी आली होती. नुसत्या आवाजावरून वाटलं, पुण्याच्या पेठेतली कुणीतरी असणार. एवढा स्वच्छ ‘स्वतः’ आमच्या बेलवडीत गुरुजीसुद्धा म्हणत नाहीत.

“मग काय, शेजारीण येऊन घालते?” असं म्हणत मी वर बघितलं आणि माझा हात जो घसरला, तो ‘भेट’ची रेघ ताटाच्या काठापर्यंत ओढूनच थांबला.

दुकानाच्या उंबऱ्यात सहा फूट उंचीची एक आफ्रिकन बाई उभी होती. निळ्या-पिवळ्या कापडाचा पायघोळ झगा, त्याच कापडाचा डोक्याला फेटा, पायात कोल्हापुरी. तिनं वाकून ते ताट उचललं, रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “हे वाया गेलेलं ताट मी घेऊ का? मला फार आवडलं.”

सोळा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी बेचाळीसची होते. मी रत्नप्रभा करडे, कासाराची धाकटी सून. सासऱ्यांची नजर गेल्यावर भांड्यांवर नावं घालायचं काम माझ्याकडं आलं ते आजतागायत आहे. बेलवडीतल्या निम्म्या संसारांवर माझं अक्षर आहे, उरलेल्या निम्म्यांवर सासऱ्यांचं.

तिला स्टूल दिलं, चहा सांगितला. तिचं नाव लाराबा यकुबू. नायजेरियातल्या झारिया गावची. पुण्यात पाच वर्षं शिकायला होती, नारायण पेठेत आपटेबाईंच्या वरच्या खोलीत.

“आपटेबाईंनी मला दोन गोष्टी शिकवल्या,” ती म्हणाली. “मराठी, आणि विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.”

“आणि आता काय करता?”

“इन्स्टॉलेशन.”

“म्हणजे मोटार बसवता?”

ती एवढी हसली की फेटा सुटला. “नाही हो. वस्तू बसवते. एका जागेत अशा बसवते, की रोजची वस्तू माणूस पहिल्यांदा बघितल्यासारखी बघतो. तुमच्या गावातली ती बंद पडलेली तेलगिरणी मला दोन महिन्यांसाठी मिळालीय. पुण्याच्या एका संस्थेनं मिळवून दिली.”

“आणि तिथं काय बसवणार?”

“तुमच्या गावातली भांडी.”

झालं! दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दुकानात लाराबाला बघायला गल्लीतल्या बायका जमल्या. कुणालाच काही घ्यायचं नव्हतं. हिराबाई जगदाळे, जी एरवी वातीच्या पुडीलासुद्धा घासाघीस करते, तिनं सरळच विचारलं, “एवढी भांडी घेऊन ही करणार काय? ह्यांच्याकडं भांडी नसत्यात काय?”

“अहो, खूप असतात,” लाराबा म्हणाली. “आमच्याकडं मुलीच्या लग्नात आई तिला वाडगी देते. रंगीत, फुलाफुलांची. शंभर-शंभर. नवरी ती खोलीत भिंतीला लावून छतापर्यंत रचते. नवऱ्याचा त्यांच्यावर काडीचा हक्क नसतो. बाई घर सोडून निघाली, की वाडगी तिच्याबरोबर निघतात. माझ्या आईनं तीन घरं बदलली. तिन्ही वेळा मी पुढं आणि माझ्या डोक्यावर वाडग्यांची उतरंड.”

बायका आणखी पुढं सरकल्या. मग हिराबाई म्हणाली, “तीन घरं म्हंजे तीन नवरे का गं?”

“तीन.”

“बाई बाई! आणि वाडगी तीच?”

“वाडगी तीच.”

हिराबाईनं तिथल्या तिथं एक कळशी कबूल केली.

“आणि तू ह्या धंद्यात कशी पडलीस?” मी विचारलं. तोवर मी तिला अगंतुगं करायला लागले होते. ती मात्र शेवटपर्यंत मला ‘अहो रतनताई’च म्हणत राहिली, आपटेबाईंची शिस्त.

“आई गेली. आम्ही चौघी बहिणी, वाडगी बासष्ट. रोज रडारड, रोज भांडण. शेवटी एक दिवस मी सगळी वाडगी एकाच तारेत गुंफली आणि खोलीत आढ्याला टांगून टाकली. आता वाटा म्हटलं! एक काढायला गेलं तर सगळी खाली येणार. शहरातून एक माणूस आला, त्यानं ते बघितलं आणि म्हणाला, ही तर कला आहे. मी म्हटलं, असेल बाबा.”

अशी ही लाराबा. बायकांनी तिची दोन दिवसांत लाराबाई केली.

तिची अट एकच होती. चकचकीत नको, वापरातली नको. माळ्यावर, अडगळीत, चुलीमागं काळी होऊन पडलेली पितळेची-तांब्याची द्या. माझी अटही एकच होती. प्रत्येक भांड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, आणि चिठ्ठीवर ते कुणाच्या घरनं आलं ते माझ्या हातानं लिहायचं. कारण गाव तिला ओळखत नव्हतं, मला ओळखत होतं. उद्या एखादा गडू इकडचा तिकडं गेला तर लोक माझ्या दारात येणार.

“परत येतील ना हो भांडी?” प्रत्येक घरात हाच प्रश्न.

“येतील,” लाराबा सांगायची. “आणि रिकामी येणार नाहीत. मी आपटेबाईंना एकदा उसळीची वाटी धुऊन रिकामी परत दिली होती. त्या माझ्याशी चार दिवस बोलल्या नव्हत्या.”

एवढं ऐकलं की बायका माळ्याला शिडी लावायच्या. हंडे आले, कळश्या आल्या, घंगाळं, सतेली, तपेली, डबे, गडू, पराती. माझ्या घरची आमच्या ह्यांनीच काढून दिली, माळ्यावरनं पोतं भरून थेट गिरणीत. मी पोत्यातली भांडी मोजली, न बघताच भराभर चिठ्ठ्या लिहिल्या, ‘करडे, धाकटी पाती’, आणि बांधून टाकल्या.

फक्त एका घरात मी पाऊल ठेवलं नाही. ते घर माझ्या घराला लागूनच होतं. मधे एक भिंत.

ते घर माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, सगुणाआक्कांचं. त्याच्या अकरा वर्षं आधी आमची वाटणी झाली. जमीन वाटली, दुकान वाटलं, कुणी ब्र काढला नाही. पण सासूबाईंची परात सापडेना. मोठी, जाड पितळेची, त्यांच्या माहेरनं आलेली. चार पायल्यांचं पीठ एका वेळी मळून व्हायचं तिच्यात. माझ्याकडं नव्हती म्हणजे आक्कांकडंच असणार, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. मी गल्लीत उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, “जिच्या घरात ती परात असेल, तिच्या हातची भाकरी जन्मात फुगायची नाही!”

आक्का दारात उभ्या होत्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आत गेल्या आणि दार लावून घेतलं. ते अकरा वर्षं उघडलं नाही. त्यांच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा बँड माझ्या भिंतीशी वाजत होता आणि मी घरात रेडिओ मोठा करून बसले होते. ज्या पोराला मी कडेवर खेळवलं, त्याच्या अक्षता मी टाकल्या नाहीत. हे मी कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं, लाराबाला दाखवलं. तिला काही सांगायचं म्हटलं की सांगून होऊन जायचं.

ती एकटीच आक्कांकडं भांडी मागायला गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

“काय म्हणाल्या?”

“चहा दिला. भाकरी दिली, फार छान होती. भांडं मागितलं तर म्हणाल्या, माझं भांडं जिथं आहे तिथं आहे.”

“बघ! बघ!” मी टाळी वाजवली. “लपवलंय, म्हणून असं बोलतात!”

लाराबा भाकरीबद्दल पुन्हा एकदा छान म्हणाली, ते मला अजिबात आवडलं नाही.

गिरणीत काम सुरू झालं. गिरणी बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी भिंतींना शेंगतेलाचा वास होता. लाराबा पहिल्या दिवशी भिंतीला नाक लावून उभी राहिली. म्हणाली, “झारिया! आमच्याकडं लहानपणी शेंगांच्या पोत्यांचे डोंगर असायचे. आम्ही त्यांच्यावर चढून मार खायचो.”

तिची कामाची तऱ्हा अजब होती. तुळयांना काथ्या बांधून भांडी टांगायची, कुठलं डोक्याइतक्या उंचीवर, कुठलं गुडघ्याइतक्या. पण घासायची नाहीत. काजळी तशीच ठेवायची. फक्त नाव जिथं असेल तेवढीच जागा चिंच-मिठानं घासायची, बोटभर रुंद आणि नावाइतकी लांब. बाकी भांडं काळंच. चार वाजता पश्चिमेच्या खिडक्यांतनं ऊन आलं की भांडी अंधारात विरघळायची आणि नुसती नावं हवेत लटकलेली दिसायची. ‘सौ. भागूबाई’, ‘चि. सौ. कां. सिंधू हिस मामाकडून’, ‘गं. भा. तान्हूबाई’. मेलेल्या, जित्या, सासरी गेलेल्या, सगळ्या बायका चमकत होत्या. रोजचं काम म्हणून घातलेली माझीच अक्षरं मी पहिल्यांदा बघितल्यासारखी बघत होते.

नावं घासायला मीच बसायचे. आणि घासता घासता मला एक गंमत कळायला लागली.

“रतनताई,” लाराबानं विचारलं, “चिठ्ठीवर जगदाळे लिहिलंय. कळशीवर शिंदे आहे. असं का?”

मी कळशीकडं बघितलं, चिठ्ठीकडं बघितलं आणि मला हसू फुटलं. हिराबाई जगदाळेची कबूल केलेली कळशी मुळात शिंद्यांच्या कमळीची होती! मग मी एकेक तपासत सुटले. माजी सरपंचांच्या घरनं आलेल्या सतेल्यावर चिंच घासली तर आत ‘श्री भैरवनाथ देवस्थान’. निकम गुरुजींच्या पत्नीचे पाच गडू पाच वेगवेगळ्या घरांतनं आले होते. लग्ना-बारशाला नेलेली, परत द्यायची राहिलेली, काजळी चढून नावं बुजलेली, गावभर एकमेकांच्या माळ्यावर पडलेली भांडी! देणाऱ्यांनाही पत्ता नव्हता.

“हे सांगायला हवं ना त्यांना?” लाराबा म्हणाली.

“अजिबात नाही! उद्या चार वाजता सगळं गाव येणार आहे. आपोआप वाचतील. मी तर खुर्ची टाकून मधोमध बसणार आहे.”

मला नुसत्या उकळ्या फुटत होत्या. एवढी मजा माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी शेवटची सात-आठ भांडी उरली होती. त्यात एक चपटं, पांढरट, खरबरीत असं काहीतरी होतं. चुन्याचा जाड थर बसलेला. चिंचेनं भागेना म्हणून मी खरवडणी घेतली. पोपडा निघाला. खाली पितळ. मग ‘ग’, मग ‘या’. मग मी खरवडणी टाकून पदरानंच पुसलं.

‘सौ. गयाबाई गणपत करडे’. सासूबाई. सासऱ्यांनी स्वतः घातलेलं, मात्रांना फुलं काढलेलं नाव.

काठाशी चिठ्ठी बांधलेली होती, माझ्या अक्षरात. ‘करडे, धाकटी पाती’.

मग सगळं आठवलं. वाटणीच्या दिवाळीला माझ्या बाजूच्या भिंती पांढऱ्या करायला माणसं लावली होती. त्यांनी चुना कालवायला घेतलेलं ते पांढरं घमेलं मी स्वतः बघितलं होतं, ‘काम झालं की माळ्यावर टाका’ असं मीच सांगितलं होतं. परात माझ्या डोक्यावर होती! अकरा वर्षं मी तिच्याखाली झोपले होते, तिच्याखाली भाकरी थापल्या होत्या. आणि आता सांगते, खोटं कशाला बोलू, माझी भाकरी कधीच नीट फुगायची नाही. आमचे हे पापड म्हणून खायचे.

लाराबा शिडीवर होती. मी इकडंतिकडं बघितलं. परात पोत्यात घालून घरी न्यावी तर घराच्या दारात आमचे हे बसलेले. सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकाव्यात म्हणून मी तिला म्हटलं, “लाराबाई, त्या चिठ्ठ्या काही शोभत नाहीत बघ. काढूया का?”

“रतनताई, कालपर्यंत तर तुम्ही खुर्ची टाकून बसणार होता,” ती वरून म्हणाली. “काढायच्या तर सगळ्या काढू. ठेवायच्या तर सगळ्या ठेवू. पण सहाशे भांडी मग परत कशी करणार?”

ते खरं होतं. आणि मग माझ्या डोक्यात ते आलं. मला आजही त्याची लाज वाटते, म्हणूनच सांगते. मी चिठ्ठी सोडली, पुठ्ठ्याचा नवा तुकडा घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘करडे, थोरली पाती’. एवढी चिठ्ठी बांधली की झालं. सगळं गाव बघेल की परात आक्कांच्या घरनं आली. मी खरी ठरेन, कायमची.

बांधायला काथ्या शोधतेय तेवढ्यात लाराबा खाली आली. तिनं परातीवरचं नाव वाचलं. मग माझ्या हातातल्या दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. देवनागरी ती सावकाश, ओठ हलवत वाचायची. माझे कान तापले.

ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. “बासष्ट नव्हती,” ती म्हणाली.

“काय?”

“आईची वाडगी. एकसष्टच होती. बासष्टावं माझ्या थोरल्या बहिणीचं, असाबेचं. त्यावर लाल कोंबडा होता. मला तो लहानपणापासून हवा होता. मी तिच्या खोलीतून उचललं आणि तारेत मधोमध गुंफून टाकलं. एवढ्यांत कोण ओळखणार?”

“मग?”

“असाबेनं आत येताक्षणी ओळखलं.”

“आणि काय म्हणाली?”

“म्हणाली, एवढी तार कशाला वाया घालवलीस? मागितला असतास तर दिला असता कोंबडा.” लाराबा हसली, पण तिचे डोळे भरले होते. “त्या कामाचे लोक अजून कौतुक करतात. मला एकटीला माहीत आहे की ती चोरी लपवायला केलेली गुंफण होती.”

मग ती उठली, परात घेऊन शिडीवर चढली आणि गिरणीच्या अगदी मधोमध, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर तिनं ती टांगली. “चिठ्ठी तुम्ही बांधा,” म्हणाली. “तुमची अट होती ना?” आणि हात धुवायला निघून गेली.

मी दोन्ही चिठ्ठ्या कमरेला खोचल्या आणि तशीच उभी राहिले.

चार वाजता गाव लोटलं. तहसीलदारबाईंनी फीत कापली, ऊन आत आलं, नावं पेटली आणि सगळे “आहाहा” म्हणाले. ते आहाहा जेमतेम दोन मिनिटं टिकलं.

“अगं, ही माझी कळशी!” कमळी शिंदे ओरडली. “हिराबाई, माझी कळशी तुझ्याकडं?”

“आणि माझी कुठाय मग?” हिराबाईनं पदर खोचला.

हिराबाईची कळशी कमळीच्याच घरनं आली होती, दोन खांब पलीकडं टांगलेली. वीस वर्षं दोघी एकमेकींची कळशी माळ्यावर ठेवून आपली हरवली म्हणून हळहळत होत्या. माजी सरपंच देवस्थानच्या सतेल्याखाली असे उभे होते, की जसं काही त्यांना मराठी वाचताच येत नाही. निकमबाई गडू मोजत फिरत होत्या. पुण्याहून आलेला एक दाढीवाला फोटो काढता काढता म्हणाला, “एवढं लक्ष देऊन बघणारे लोक मी कुठल्याही प्रदर्शनात बघितले नाहीत.”

मला मात्र हसू येत नव्हतं. मी दाराकडं बघत होते.

आक्का सगळ्यांत शेवटी आल्या, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. त्या कुठंच थांबल्या नाहीत. सरळ मधोमध आल्या आणि परातीसमोर उभ्या राहिल्या. आक्कांना वाचता येत नाही. त्यांनी काठावरून हात फिरवला. एके ठिकाणी पोचा होता, तिथं अंगठा बरोबर बसला. मग त्यांनी मागं न बघता हाक मारली.

“रतन.”

अकरा वर्षांनी. बाकीचा गोंगाट कधी थांबला मला कळलं नाही.

“बाकी सगळ्यांना चिठ्ठी आहे. हिला का नाही?”

मी कमरेत हात घातला. घामानं दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या सोडवल्या आणि एक पुढं केली.

“मला कुठं वाचता येतंय?” आक्का म्हणाल्या. “तू वाच.”

मी लाराबाकडं बघितलं. ती खांबाला टेकून उभी होती, आणि तिनं मुद्दामच दुसरीकडं तोंड फिरवलं.

“करडे,” मी वाचलं. “करडे, धाकटी पाती. माझ्या घरनं आलीय, आक्का. माझ्याच माळ्यावर होती.”

कुणीतरी “अगं बाई” म्हणालं. आक्कांचा चेहरा हलला नाही.

“आणि ती दुसरी?”

“दुसरी काही नाही.”

“वाच म्हणते ना.”

“करडे, थोरली पाती,” मी म्हटलं आणि मला रडू कोसळलं. “सकाळी लिहिली, आक्का. तुमच्यावर ढकलणार होते. मी फार वाईट आहे.”

आक्कांनी परातीवर राहिलेला चुन्याचा कण नखानं काढला. मग म्हणाल्या, “चुना कालवायला घमेलं फुटलं म्हणून ती परात त्या माणसांना मीच काढून दिली होती. काम तुझ्या बाजूला चाललं होतं. माळ्यावर टाकली असणार, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.”

मी रडायचीच थांबले. “तुम्हाला ठाऊक होतं? मग सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कुठं?” आक्का म्हणाल्या. “तू सांगितलंस.”

मी पदरानं डोळे पुसले.

“मी दारात आले होते बोलायला. तू गल्लीत उभी राहून असं काही बोललीस, की मी म्हटलं, राहू दे. सापडेल तेव्हा सापडेल. एक वर्ष वाट बघितली, दोन वर्षं बघितली, मग मलाही हट्ट चढला. माझंही चुकलंच.” मग त्यांच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. “एक सांग मला. अकरा वर्षं माझी एकेक भाकरी टम्म फुगलीय. तुझ्या कशा होतायत?”

“पापड होतात,” मी म्हटलं.

आक्का हसल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. मग कमळी हसली, हिराबाई हसली, माजी सरपंचसुद्धा सुटल्यासारखे हसले. मी आक्कांच्या पाया पडायला वाकले तर परात कपाळावर आपटली आणि असा टोला घुमला की वरची कौलं थरारली. तो पुण्याचा दाढीवाला म्हणाला, हाही कामाचाच भाग आहे का? लाराबा म्हणाली, “अर्थात.”

तीन आठवड्यांनी भांडी उतरवली. आता खरा पेच. चिठ्ठीप्रमाणं द्यायची की नावाप्रमाणं? गावानं बैठक घेतली आणि ठरवलं, नावाप्रमाणं. लाराबानं चार पोती शेंगदाणे आणले. प्रत्येक भांड्यात ओंजळभर घालून आम्ही दोघी आठ दिवस दारोदार फिरलो. कित्येक भांडी वीस-पंचवीस वर्षांनी घरी गेली. तान्हूबाईंचा हंडा त्यांच्या नातसुनेनं दारातच छातीशी धरला.

शेवटी परात उरली. नाव सासूबाईंचं, त्या तर देवाघरी.

“कुणाकडं ठेवू?” लाराबानं विचारलं.

“आक्कांकडं,” मी म्हटलं.

“धाकटीकडं,” आक्का म्हणाल्या.

लाराबानं परात शिगोशीग शेंगदाण्यांनी भरली आणि वयाचा मान म्हणून आक्कांच्या ओट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का माझ्या दारात हजर. परात हातात, परातीत शेंगदाण्याचे लाडू. “रिकामी कशी देऊ?” म्हणाल्या. मग मी ती रिकामी कशी ठेवू? चार दिवसांनी मी करंज्या घेऊन गेले. मग तिकडनं गूळपोळ्या आल्या. अजून ते थांबलेलं नाही. भिंतीला मधे एक दार पाडलंय, परात आडवी धरून जाईल एवढं रुंद.

लाराबानं जाताना गावातनं तीनच वस्तू नेल्या. ते रेघ ओढलेलं ताट, आणि माझ्या दोन चिठ्ठ्या. तिच्या कामांची प्रदर्शनं आता कुठं कुठं लागतात. कुठंही लागलं तरी मधोमध एक काथ्या रिकामा सोडलेला असतो आणि त्याला त्या दोन चिठ्ठ्या. ती फोटो पाठवते. माझी लबाडी माझ्याच अक्षरात साता समुद्रापलीकडं टांगलीय आणि लोक तिकीट काढून बघतात, काय म्हणावं!

वर्षातनं एकदा तिचा फोन येतो. ह्या वर्षी आज सकाळी आला. आक्का आता ब्याऐंशीच्या आहेत, त्यांना उठवत नाही, म्हणून मी नव्या तांदळाची खीर करून पातेलं परातीत ठेवलं होतं आणि मधल्या दारात पोचले होते. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला.

“अहो रतनताई,” ती म्हणाली, “परात सध्या कुणाकडं आहे?”

पलीकडनं आक्का ओरडल्या, “कोण आहे गं? लाराबाई का? तिला म्हणावं, भाकरी खायला ये!”

“वाटेत आहे,” मी म्हटलं.